भिंगातला शिवनेरी

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे दोन वास एकमेकांत मिसळतात, आंब्याच्या मोहोराचा आणि नुकत्याच खुरपलेल्या कांद्याच्या पातीचा. पहाटे शाल लागते आणि अकरा वाजता तीच शाल ओझं वाटते. डोंगराच्या पायथ्याला पळस पेटलेला असतो. यात्रांचे दिवस सुरू होतात, कुठल्या ना कुठल्या गावच्या घाटातून, म्हणजे धावपट्टीवरून, बैलगाड्यांच्या शर्यतीचा लाऊडस्पीकर वाऱ्यावर येतो, आणि त्याच आवाजात कोणीतरी दहावीतलं मूल ओट्यावर डोळे मिटून गतीचे नियम पाठ करत असतं. परीक्षा आणि यात्रा या दोन्ही गोष्टी इथे एकाच ऋतूत येतात. दोन्हींत धावायचं असतं, आणि दोन्हींत बघणारे जास्त ओरडतात.

मीरा, ईशान, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तुला शाळेत फिजिक्स होतं का?" मी म्हटलं, होतं, पण सत्तराव्या वर्षी. तुम्ही हसलात, मग ईशानला कुठेतरी जायचं होतं, मग तुमच्या खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला म्हणून मीराने फोन खिडकीकडे वळवला, आणि माझं उत्तर तसंच राहिलं. फोनवर मला क्रम राखता येत नाही. म्हणून बसून लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण हे सगळं मराठीत घडलं. अडलं तर बाबाला विचारा.

मी शिकले ती पुण्यातली इंग्रजी शाळा होती, नन्स चालवत असत. पॉलिश केलेले बूट, रिबिनी, सकाळची प्रार्थना. मुलींना आरोग्यशास्त्र होतं, शिवण होतं, आणि शेक्सपिअरच्या देशातली सगळी फुलं मला नावानिशी माहीत होती. फिजिक्स नव्हतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि त्या जागेत आमची शिवणयंत्रं होती. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे मी नोकरी केली, संसार केला, तुमच्या आजोबांच्या निवृत्तीनंतर जुन्नरजवळच्या या घरी येऊन राहिले, आणि एवढ्या काळात 'रिफ्रॅक्शन' हा शब्द कितीतरी वेळा वाचला. स्पेलिंग कधी चुकलं नाही. पण त्याने होतं काय, हे कोणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता.

मग दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आला आणि शीतल आली.

शीतल म्हणजे शेजारच्या हौसाबाईंची सून. हौसाबाई आमच्या भावकीतल्या, मला वैनी म्हणतात. शीतल बोरी बुद्रुकची, नववी झाली तसं लग्न ठरलं, आता तिची लेक पहिलीत जाते. एका दुपारी ती माझ्या ओट्यावर आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काकू, मी दहावीचा फॉर्म भरलाय. सतरा नंबरचा. बाहेरून बसायचं."

"कशासाठी गं?"

"कंडक्टर व्हायचंय. एसटीत. बिल्ला काढायला दहावी पास लागते."

मी काही बोलायच्या आधीच तिने कारणही सांगून टाकलं. लहानपणी बोरीहून येताना एकदा गाडीत बाई कंडक्टर होती. गाडी भरलेली, रस्ता खड्ड्यांचा, सगळे दांड्याला लोंबकळलेले. "आन् ती बाई कशाला न धरता उभी व्हती, काकू. दोन्ही हात तिकिटाला. मला वाटलं, हिला कोणी पाडू शकत न्हाई."

बाकीचे विषय ती स्वतः करणार होती. मराठी, इतिहास येत होतं, गणिताची भीती नव्हती, इंग्रजीचं मी बघेन असं तिने गृहीत धरलं होतं. अडचण होती विज्ञानाच्या पहिल्या भागाची. त्यात रसायन थोडं आणि बाकी सगळं भौतिकशास्त्र. तिने पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "तुमी इंग्लिशमधी शिकल्याल्या. तुमाला येतंच असंल."

मी म्हटलं, "मला यातलं काही येत नाही."

ती माझ्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "मग बरं. मला एकटीलाच येत न्हाई असं नको."

पण या हौसेला एक अट होती, आणि ती हौसाबाईंची. आमच्याकडे कांद्याची खुरपणी सावडीने होते. सावड म्हणजे आज सगळ्या बायका माझ्या रानात, उद्या तुझ्या. जेवढे दिवस घेतले तेवढे फेडायचे. त्यांच्या घरातून दरवर्षी सासू-सून दोघी जात. आता शीतल दुपारी अभ्यासाला बसणार, तर तिच्या वाटचे दिवस कोणी भरायचे? हौसाबाई म्हणाल्या, "म्या भरते. पर एक हंगाम. म्होरल्या साली माझं गुडघं हां म्हणायचं नाय. यंदा झालं तर झालं, न्हाईतर पुस्तक माळ्यावर अन् तू रानात."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. हिशेबी बाई आहेत, दिवसाला दिवस मोजतात. पण आम्हा दोघींनाही कळलं की हा एकच हिवाळा आहे.

तुम्हाला माहीत आहे, मला नीटनेटकेपणा लागतो. मी वेळापत्रक केलं, भाताची खळ लावून कपाटाच्या दारावर चिकटवलं. पट्टी, कोनमापक, दोन पेन्सिली, टोकयंत्र, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात. वेळ दुपारची, जेवणं झाल्यापासून चहापर्यंत. संध्याकाळी नाही, कारण ऊसतोड चालू असली की बिबटे उसातून बाहेर पडतात आणि दिवस कलल्यावर कोणी बांधावरून एकटं फिरत नाही. शीतल एका हाताला पुस्तक आणि दुसऱ्या हाताला भाजलेला हरभरा घेऊन यायची. हरभऱ्याची टरफलं माझ्या वेळापत्रकात नव्हती. पहिल्या आठवड्यात मी दर पंधरा मिनिटांनी झाडू मारला. नंतर मीच हरभरा मागायला लागले.

पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा. शीतल मोठ्याने वाचायची आणि मी मीराने धाडलेलं इंग्रजी पुस्तक उघडून बसायची. मराठीतला शब्द आणि इंग्रजीतला शब्द समोरासमोर ठेवले की मधली गोष्ट थोडी दिसायची. त्यात 'मुक्तिवेग' आला. एखादी वस्तू पृथ्वीला कायमची सोडून जायची असेल तर तिला जेवढा वेग द्यावा लागतो तो. शीतलने आकडा वाचला, सेकंदाला अकरा किलोमीटरच्या वर. तेवढ्यात हौसाबाई ताक घेऊन आल्या होत्या. त्यांनी उंबऱ्यात बसूनच विचारलं, "किती म्हनली?"

"अकरा किलोमीटर, आत्या. एका सेकंदात."

"मंजी नारायणगाव यायलाच झालं की."

"हां. जवळपास."

हौसाबाईंनी ताकाचा तांब्या खाली ठेवला. "एका सेकंदात नारायणगाव. मंग तुझी गाडी स्टॉप कुटं घेणार?"

शीतल हसत सुटली. हसता हसता तिने तो आकडा पाठ केला, आणि मला वाटतं तो ती मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या शाळेत पाठांतर भीतीने व्हायचं. हसून पाठ झालेलं जास्त टिकतं, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

एके दिवशी आम्ही पितळी पातेल्यात नाणं ठेवलं. शीतलला मी हळूहळू मागे सरकायला सांगितलं, नाणं काठाआड जाईपर्यंत. "दिसंना आता," ती म्हणाली. मी पातेल्यात पाणी ओतायला लागले. नाणं जिथे होतं तिथेच होतं, हात मी लावला नव्हता, शीतलने पाऊल हलवलं नव्हतं. आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "काकू, आलं. वर आलं." मग मी मागे उभी राहिले आणि तिने पाणी ओतलं. काठाच्या वर नाणं तरंगत आलं. पन्नास वर्षं मी ज्या शब्दाचं स्पेलिंग बरोबर लिहिलं तो हा होता. त्या दुपारी आम्ही ते पातेलं चार-पाच वेळा भरलं आणि ओतलं. शेवटी पाणी तुळशीला घातलं, कारण पाणी वाया घालवायचं नाही हा नियम माझा, भौतिकशास्त्राचा नाही.

त्या दिवसांत मला साध्या गोष्टींनी फार आनंद होई. फ्रिजमधल्या पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. आयुष्यभर मी तो पुसत आले. आता मी तो बघत बसे. दवबिंदूचा परिच्छेद शीतलने वाचून दाखवला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्या भागात दव म्हणजे कवितेतली गोष्ट नाही. पहाटे धुई, म्हणजे धुकं, पडली, पातीवर दव बसलं, की कांद्याला करपा येतो आणि द्राक्षवाल्यांची झोप जाते. हौसाबाई सकाळी उठल्यावर देवाच्या आधी पातीला हात लावून बघतात. हवेत किती वाफ मावते, हवा गार झाली की ती कशी मावेनाशी होते आणि पानावर येऊन बसते, हे त्या परिच्छेदात होतं. शीतल म्हणाली, "मंजी हवा भरल्याल्या गाडीसारखी. पुढं जागाच न्हाई, तर एखादा खाली उतरणारच." मी ते वाक्य तिला उत्तरात लिहू नकोस म्हणून सांगितलं. लिहिलं असतं तर मी गुण दिले असते.

मग डाव्या हाताचा नियम आला. तुम्हाला येतो का? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात ठेवायची. एक बोट चुंबकाची दिशा दाखवतं, एक विजेची, आणि अंगठा सांगतो की तार कुठे ढकलली जाईल. शीतलच्या हातात हिरव्या बांगड्या, हात वळवला की त्या खळ्ळ करून कोपराकडे धावायच्या. ती कुठेही सराव करायची. चुलीपुढे, गोठ्यात, दुधाच्या डेअरीपुढच्या रांगेत. तिसऱ्या दिवशी हौसाबाई माझ्याकडे आल्या, जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "वैनी, पोरगी बोटं येडीवाकडी करती. सकाळी तर भाकरी थापता थापता थांबली अन् हाताकडं बघतच बसली. कोनाची नजर तर न्हाई ना?"

मी त्यांना नियम समजावून सांगितला, विहिरीवरची मोटारही याच ढकलण्याने फिरते म्हटलं. त्यांनी स्वतःची बोटं तशी धरून बघितली. खुरपं धरून त्यांच्या बोटांना वेगळंच वळण पडलेलं, मधलं बोट काही काटकोनात येईना. "माझी मोटार चालायची न्हाई," त्या म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बराच वेळ चोळत राहिल्या. मग उठल्या आणि पुन्हा सावडीला गेल्या. त्या जाताना मी बघत होते. बांधावरून उतरताना त्या आता आडव्या वळून उतरत होत्या, एक एक पाय टाकत. शीतलनेही ते बघितलं. तिने पुस्तकाचं पान घाईने उलटलं.

आता मुख्य गोष्ट सांगते, भिंगाची.

प्रयोगाच्या परीक्षेत बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायला येतं असं सगळे सांगत होते. प्रयोग सोपा आहे. खूप लांबची वस्तू घ्यायची, भिंग तिच्याकडे धरायचं, मागे कागद धरून पुढे-मागे सरकवायचा. एका जागी त्या वस्तूचं स्पष्ट चित्र कागदावर उमटतं. तिथे थांबायचं आणि भिंग ते कागद हे अंतर मोजायचं. भिंग घरात होतं, माझं वाचायचं. लांबची वस्तू शोधायला तर आम्हाला मान वळवायचीही गरज नव्हती. माझ्या बैठकीच्या खिडकीतून शिवनेरी दिसतो.

आम्ही दार लावलं, बाकीच्या खिडक्या बंद केल्या, खोलीत अंधार केला. शीतलने भिंग धरलं, मी कोरा कागद पुट्ठ्यावर लावून मागे सरकवत गेले. आधी नुसता उजेडाचा गोळा. मग त्याच्या कडा आवळत आल्या. आणि मग एकदम, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा, सगळ्या रंगांसकट, शिवनेरी कागदावर उतरला. कडा तपकिरी, माथ्यावर वाळलेलं गवत, आकाश निळं. सगळं बारीक आणि जिवंत. खिडकीबाहेरून एक घार गेली तर ती कागदावरूनही गेली.

फक्त आकाश खाली होतं आणि गड उलटा.

मला तर हे इतकं सुंदर वाटलं की मी हात हलवायला तयार नव्हते. तेवढ्यात दार ढकलून हौसाबाई आत आल्या. हातात खुरपं, कपाळावर घाम. "अंधारात काय करताय दोघी?" म्हणत त्या कागदावर वाकल्या. बघितलं. खुरपं खाली ठेवलं. डोळे पदराने पुसून परत बघितलं.

"वैनी, आपला गड हाय हा?"

"हो."

"अन् उलटा केलाय?"

"मी नाही केला. भिंगातून तसाच येतो. उजेड सरळ जातो, वरचा खाली..."

"उजेडाचं ऱ्हाऊ द्या. गड उलटा ठेवायचा न्हाई घरात."

तुम्हाला कदाचित हसू येईल. पण इथे मुलं पाळण्यात असल्यापासून त्या गडाकडे बोट दाखवून त्यांना सांगितलं जातं की महाराज तिथे जन्मले. हौसाबाई सकाळी दारात पाणी टाकताना तिकडे बघून हात जोडतात. त्यांना माझं स्पष्टीकरण कळलं नाही असं नव्हतं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही.

शीतलने तोड काढली. कागदावर चित्र पडलेलं असतानाच तिने पेन्सिलीने गडाची बाहेरची रेघ गिरवून घेतली. मग कागद काढला, फिरवला आणि सासूपुढे धरला. "हे घ्या आत्या. सरळ झाला."

हौसाबाईंनी बघितलं. "हां. असं ठेवा," म्हणाल्या आणि खुरपं उचलून पाणी प्यायला गेल्या.

त्यानंतर आम्ही तो प्रयोग कितीदा केला असेल. दर वेळी गड गिरवायचा, कागद फिरवायचा, मग वहीत चिकटवायचा. आमच्या घरची ती रीतच झाली. चित्राखाली 'प्रतिमा: उलट' असं लिहायचं आणि वर सरळ गड. त्यात काही खटकतंय हे माझ्यासारख्या काटेकोर बाईच्याही लक्षात आलं नाही. सवयीचं असंच आहे, ती डोळ्यांसमोर असते म्हणून दिसत नाही.

प्रयोगाची परीक्षा झाली त्या दिवशी मी सकाळपासून बिस्किटाचा डबा तीन वेळा आवरला. शीतल दुपारी आली ती थेट ओट्यावर बसली आणि तिने सगळं करून दाखवलं. एकदा स्वतः व्हायची, एकदा सर व्हायची.

सर नवे होते, सोलापूरकडून बदलून आलेले. शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतूनही शिवनेरी दिसतो, त्यामुळे सगळ्यांनी लांबची वस्तू म्हणून तोच घेतलेला. शीतलने अंतर मोजलं, तीनदा घेतलं, सरासरी काढली, सगळं बरोबर. मग हात आपोआप चालला. गड गिरवला, कागद फिरवला, चिकटवला, खाली 'उलट' लिहिलं. सर आले. चष्मा वर केला.

"बाई, खाली उलट लिहिलंय आणि वर सरळ काढलंय. यातलं खरं कोणतं?"

"म्या वहीकडं बघितलं, काकू," शीतल म्हणाली. "वाटलं, गेलं. आत्याचं गुडघं, सावड, समदं गेलं. एवढ्यासाठी."

"मग काय म्हणालीस?"

"खरं तेच सांगितलं. म्हनलं, सर, कागदावर उलटाच आलता. म्या गिरवला अन् मंग फिरवला. गड उलटा काढवत न्हाई."

सरांनी वही खाली ठेवली. म्हणाले, "सकाळपासून बघतोय. निम्म्या वर्गाने गड सरळ काढलाय. मला वाटलं, जुन्नरची भिंगंच वेगळी असतील." मागच्या बाकांवरची पोरं खाली माना घालून हसायला लागली. सर हसले नाहीत. त्यांनी शीतलला दुसऱ्या खिडकीशी नेलं. तिथून मैदानापलीकडचं नारळाचं झाड दिसत होतं. "हे तरी उलटं चालेल ना? काढा."

तिने भिंग धरलं, कागद सरकवला, आणि झावळ्या खाली, बुंधा वर असं झाड काढलं. त्यावर बाण काढून वरून आलेला किरण खाली कसा जातो तेही दाखवलं. सरांनी विचारलं, भिंग अर्धं झाकलं तर काय होईल? हा प्रश्न पुस्तकात नव्हता. पण आम्ही एका दुपारी ते करून बघितलं होतं, कारण माझ्या बोटाने चुकून भिंग झाकलं गेलं होतं. "झाड पुरतं येईल सर, पर अंधूक येईल," ती म्हणाली. सरांनी मान हलवली आणि पुढच्या बाकाकडे गेले.

"त्यांनी किती गुण दिले असतील?" मी विचारलं.

"तोंडावरनं काय कळंना. तिकडची मानसं तोंडावर दावत न्हाईत."

मग लेखी परीक्षा झाल्या. उन्हाळा चढला, यात्रा संपल्या, कांदा काढला गेला. निकालापर्यंतच्या त्या दिवसांत आम्ही दोघींनी भौतिकशास्त्राचं नाव काढलं नाही. पण मी तुम्हाला खरं सांगते, माझी दुपार रिकामी झाली. जेवून उठलं की मी ओट्याकडे बघायची. एकदा मीच पुस्तक उघडून उपग्रहांचा धडा वाचला, एकटीने. गंमत वाटली, पण पातेल्यात नाणं वर आल्यावर 'आलं' म्हणणारं कोणी नव्हतं. शिकणं ही दोघांची गोष्ट आहे, निदान माझ्यासाठी. एकाने विचारायचं, दुसऱ्याने 'मलाही माहीत नाही' म्हणायचं, आणि मग दोघांनी मिळून खिडकी बंद करायची.

निकालाच्या दिवशी हौसाबाईंच्या अंगणात कांदा निवडायला सावड बसली होती. शेडखाली कांद्याचा मोठा ढीग, भोवती पाच-सहा बायका. साठवणीच्या चाळीत भरायचा कांदा हा नीट निवडावा लागतो, चांगला एकीकडे, दुभाळका, म्हणजे जोडकांदा, एकीकडे, सडका लांब. एक सडका आत गेला तर पावसाळाभर शेजारच्यांना घेऊन बसतो. निकाल दुपारी एकला फोनवर येणार होता. माझा फोन फक्त आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात नीट चालतो, म्हणून मी तिथे उन्हात छत्री घेऊन उभी. शीतलचा परीक्षेचा नंबर मला पाठ होता.

पान उघडलं. मी विज्ञानाची ओळ आधी बघितली. मग सगळ्या ओळी. मग परत विज्ञानाची.

खाली उतरून मी शेडपाशी गेले. शीतलने माझ्याकडे बघितलं, हात पदराला पुसले आणि फोन घेतला. एक एक ओळ बोट धरून वाचली. मग फोन मला परत दिला आणि काही न बोलता कांद्यापाशी जाऊन बसली. हौसाबाई तेव्हा आत चहा टाकत होत्या. शीतलला सगळ्या बायकांच्या आधी त्यांना सांगायचं होतं, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. म्हणून मीही गप्प राहिले. हौसाबाई चहा घेऊन आल्या, सगळ्यांना दिला आणि सुनेशेजारी पाय पसरून बसल्या. पण भोवती बायका होत्या, गप्पा चालू होत्या, कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाचा विषय निघाला होता. शीतलला बोलायला जागा सापडेना. मी एका बाजूला बसून कांदे निवडायला लागले, मला निवडता येत नाही तरी.

बिल्ला, भरती, मुलाखत ही पुढची दगदग अजून चालू आहे आणि ती तिची ती निभावते आहे. त्याबद्दल तिलाच विचारा, ती फोनवर छान बोलते. मला मात्र त्या दुपारचं एवढंच सांगायचं आहे.

उन्हं कलली, बायका उठल्या, बिबट्याच्या भीतीने लगबगीने घराकडे निघाल्या. शेडखाली आम्ही तिघीच राहिलो. शीतलने पदर सावरला आणि म्हणाली, "आत्या, मी पास झाले. समद्या विषयात."

हौसाबाईंनी हातातला कांदा उलटसुलट करून बघितला आणि चांगल्यात टाकला.

"मला कवाच कळलंय," त्या म्हणाल्या. "दुपारधरनं तू गालात हसतीस अन् सडका कांदा चांगल्यात टाकतीस."

मी बघितलं. त्यांच्या गुडघ्याआड, आमच्या कोणाच्या नजरेला पडणार नाही असा, सडक्या कांद्यांचा एक वेगळा ढीग होता. शीतलने टाकलेला एक एक कांदा त्यांनी दुपारभर मुकाट्याने वेचून काढला होता, आणि तिला थांबवलं नव्हतं.